कापलेल्या चार ओळी

ताई, नमस्कार. नागपूरच्या महाल भागात आमचं आठ पानांचं साप्ताहिक आहे. बाबांनी सुरू केलं होतं, ते गेल्यापासून तीन वर्षं मी काढते. नागपंचमीच्या अंकासाठी धानपट्ट्यातल्या एका गावच्या निवृत्त गुरुजींनी लेख दिला. त्यांच्या गावाजवळच्या एका देवस्थानात साप चावलेल्या माणसाला रात्रभर ओट्यावर ठेवतात, कडुलिंबाच्या डहाळीने विष उतरवतात आणि सकाळपर्यंत दवाखान्यात न्यायचं नाही म्हणून नातेवाइकांना बजावतात. मागच्या पावसाळ्यात बारा वर्षांचा एक मुलगा तिथे असाच गेला. हे सगळं गुरुजींनी चार ओळींत लिहिलं होतं आणि शेवटची ओळ होती, 'देव वाचवत नाही, दवाखान्यातलं इंजेक्शन वाचवतं.' मी त्या चारही ओळी कापल्या. मला कोणी धमकी दिली नव्हती, साधा फोनही आला नव्हता. प्रेसवाले काका एवढंच म्हणाले, 'ताई, सणाच्या तोंडावर कायले झंझट?' आणि 17 मार्च 2025 च्या दंगलीची रात्र आमच्या गल्लीने पाहिली आहे. गुरुजींना सांगितलं, जागा कमी पडली. ते 'बरं' म्हणाले आणि तेव्हापासून माझा फोन उचलत नाहीत. त्याच आठवड्यात एका तरुण चित्रकाराचं व्यंगचित्र मी परत केलं. त्यात दुसऱ्या धर्माच्या श्रद्धास्थानाची टवाळी होती. तो म्हणतो, तुम्ही दोन्हीकडून भित्र्या. मी भित्री आहे की शहाणी? मला अगं-तुगं केलं तर बरं वाटेल.
संपादक, वय 33, महाल, नागपूर

प्रिय संपादक,

'जागा कमी पडली' हे वाक्य मीही वापरलेलं आहे, म्हणून आधी माझं सांगते.

1990 च्या आसपास मी एका दैनिकात वाचकांच्या पत्रांचं पान लावायची. एका गृहस्थांची महिन्यातून दोन तरी पत्रं यायची, टपोऱ्या अक्षरात, ओळी सरळ जाव्यात म्हणून खाली रेघांचा कागद धरून लिहिलेली. एकदा त्यांनी एका धर्मस्थळाच्या यात्रेबद्दल लिहिलं. गर्दी, पाणी, चपलांची सोय असं सगळं होतं आणि मधे एक ओळ होती की दानपेटीचा हिशेब फलकावर का लावत नाहीत. तेवढी ओळ मी काढली. मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं की यावरून उगाच लोक चिडतील.

दुसऱ्या दिवशी ते ऑफिसात आले. पँटच्या पायाला सायकलची क्लिप तशीच होती. खिशातून त्यांनी पत्राची कार्बन कॉपी काढली, काउंटरवर छापील पानाच्या शेजारी ठेवली आणि दोन्हींवरून एकेक बोट सरकवत खाली आले. एका जागी डाव्या हाताचं बोट पुढे गेलं, उजव्या हाताचं तिथेच थांबलं. 'ही ओळ?' मी म्हटलं, जागा नव्हती. त्यांनी उजवं बोट आणखी दोन इंच खाली नेलं. पत्राच्या खाली चौकटीत, चिंचेने पितळेची भांडी कशी लख्ख निघतात ती माहिती होती. पाच ओळी. जागा भरायला मीच टाकलेली. ते काही बोलले नाहीत. कॉपीची घडी घातली, खिशात ठेवली आणि गेले. ते अक्षर मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

म्हणून सांगते, गुरुजी रुसलेत ते ओळी कापल्या म्हणून नसावेत. तू त्यांना खोटं कारण दिलंस, आणि चाळीस वर्षं पोरांची खोटी कारणं ऐकलेल्या माणसाला ते कळलं.

आता भीतीचं. तू घाबरलीस यात लाज वाटण्यासारखं काही नाही. तुझी भीती हवेतली नाही. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकर सकाळी फिरायला निघाले आणि त्यांना गोळ्या घातल्या. ते स्वतः साप्ताहिकाचे संपादक होते. जानेवारी 2015 मध्ये पॅरिसला शार्ली एब्दो या व्यंगचित्रांच्या साप्ताहिकाच्या कचेरीवरच्या हल्ल्यात 12 माणसं मारली गेली. त्या घटनेच्या संदर्भात मुंबईतल्या एका उर्दू दैनिकाच्या संपादक शिरीन दळवी यांनी त्या साप्ताहिकाचं मुखपृष्ठ छापलं. लगेच माफीही मागितली. तरी गुन्हे दाखल झाले, अटक झाली आणि त्या दैनिकाची मुंबई आवृत्तीच बंद पडली. पॅरिसची बंदूक ज्यांनी कधी पाहिली नाही अशा कितीतरी संपादकांचे हात त्या आठवड्यात आखडले असतील. आणि तुझ्या घराजवळचं तर तूच लिहिलंस. कुराणातल्या आयती लिहिलेली चादर जाळली अशी अफवा पसरली, दगड आले, गाड्या पेटल्या, एका माणसाचा जीव गेला आणि कितीतरी दिवस संचारबंदी राहिली. ज्याने त्या रात्री दार आतून लावून दिवे मालवले, त्याला 'घाबरू नका' असं मी धंतोलीतल्या माझ्या खोलीत बसून सांगणार नाही.

पण एक बघ. त्या रात्री जे भडकलं ते कोणाच्या सहीनिशी छापून आलेल्या लेखामुळे भडकलं नव्हतं. ते मोबाइलवरून आलं, ज्याला ना संपादक, ना प्रिंटलाइन, ना पत्ता. सही करून, पडताळून लिहिणारी माणसं गप्प बसली की ती जागा रिकामी राहत नाही. तुझ्या अंकाच्या शेवटच्या पानावर तळाला मुद्रक, प्रकाशक, संपादक म्हणून नावं छापलेली असतात. ती ओळ ओझं आहे खरी, पण तुझ्या लेखाची किंमतही तीच आहे.

मग कायद्याचं. तू पत्रात कलमांचा उल्लेख केला नाहीस, पण कापताना ते डोक्यात असणारच. आपल्याकडे धार्मिक भावनांचं कलम 1927 साली आलं. लाहोरला एका पुस्तिकेच्या प्रकाशकाला उच्च न्यायालयाने सोडलं, त्यावरून वादळ उठलं आणि दंडसंहितेत 295-अ घातलं गेलं. कलम आलं तरी 1929 मध्ये त्या प्रकाशकाचा खून झालाच. आज तेच कलम भारतीय न्याय संहितेत 299 आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. त्यातले शब्द नीट वाच: जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने. 1957 मध्ये रामजीलाल मोदी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे कलम कायम ठेवलं, पण त्याच निकालात म्हटलं की नकळत, निष्काळजीपणाने किंवा दुष्ट हेतू नसताना झालेला अवमान यात बसत नाही. एक मुलगा ओट्यावर गेला हे सांगणाऱ्या गुरुजींचा हेतू दुष्ट होता असं म्हणायला फार मोठं धाडस लागेल.

उलट त्या चार ओळींत जे लिहिलं होतं, त्याला कायदा गुन्हा म्हणतो. दाभोलकरांनी ज्यासाठी आयुष्य घातलं तो जादूटोणाविरोधी कायदा त्यांच्या खुनानंतर काही दिवसांत वटहुकूम म्हणून निघाला आणि त्याच डिसेंबरात मंजूर झाला. त्याच्या अनुसूचीत स्पष्ट आहे: कुत्रा, साप किंवा विंचू चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. म्हणजे 'भावना दुखावतील' म्हणून तू जे झाकलंस ते श्रद्धेचं वर्णनच नव्हतं, ती गुन्ह्याची खबर होती.

आणखी एक गोष्ट नागपूरकर म्हणून तुला माहीत असायला हवी. सिव्हिल लाइन्समध्ये आज जिथे मुंबई उच्च न्यायालयाचं नागपूर खंडपीठ बसतं, तिथे स्वातंत्र्याच्या वेळी नागपूरचं स्वतंत्र उच्च न्यायालय होतं. भगवतीचरण शुक्ल यांच्या खटल्यात 1946 साली न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस यांनी एक माप घालून दिलं. शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, कणखर, खंबीर आणि धीट माणसांवर काय होईल यावरून. डळमळीत मनाच्या, प्रत्येक विरोधी मतात धोका हुंगणाऱ्या माणसांवरून नव्हे. 1988 मध्ये 'तमस' मालिकेवर बंदी मागितली गेली तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने हेच माप हातात घेतलं. पुढे 28 मार्च 2025 ला कवी इम्रान प्रतापगढींच्या कवितेवरचा गुन्हा रद्द करतानाही हेच घेतलं. तारीख बघ. महालातली संचारबंदी उठून आठवडाही झाला नव्हता, आणि दिल्लीत नागपूरच्या न्यायाधीशाचं वाक्य वाचलं जात होतं. त्याच निकालात असंही आहे की अशा लिखाणावरच्या, तीन ते सात वर्षं शिक्षेच्या कलमांत पोलिसांनी गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी करणं योग्य. आणि 299 खाली खटला चालवायचा तर सरकारची पूर्वमंजुरी लागते.

हे सांगून मी तुला निर्धास्त करत नाहीये. निर्दोष सुटेपर्यंत ठाण्याच्या चकरा, जप्त झालेला फोन, वकिलाची फी, आईची झोप, हे सगळं कोणत्याच निकालात भरून मिळत नाही. पण कायदा काय म्हणतो ते न वाचताच त्याला भिणं यापुढे करू नकोस.

बोस यांच्या मापावरून मला तुझ्याबद्दल जे सगळ्यात टोचलं ते आता लिहिते. ओळी कापताना तुझ्या डोळ्यांसमोर कोणता वाचक होता? तुला वाटलं भाविक दुखावतील. कोण भाविक? त्या ओट्यावर रात्रभर मुलाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आई भाविकच होती ना? तिची श्रद्धा तुझ्या-माझ्यापेक्षा कमी नव्हती. तिला जर आदल्या वर्षीच्या नागपंचमीला कोणी छापून सांगितलं असतं की बाई, हात जोड, नवस बोल, पण आधी गाडी काढ, तर ती दुखावली असती की निघाली असती? आपण भाविकांचा मान राखतो असं म्हणताना मनातून त्यांना इतकं कच्चं समजतो की त्यांना खरी बातमीही सोसणार नाही. मला हा त्यांचा अपमान वाटतो. तू त्या चार ओळी कापल्याने भाविक वाचले नाहीत. वाचले ते 'सकाळपर्यंत न्यायचं नाही' म्हणून बजावणारे.

आपल्याकडे खेड्यात अजूनही साप चावला म्हणत नाहीत, 'पान लागलं' म्हणतात. नाव घेतलं तर पुन्हा येतो ही भीती. माझी आजीही तसंच म्हणायची आणि त्या शब्दात मला माया ऐकू यायची. पण दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं की साप काळा होता की ठिपक्यांचा, तर तिथे नाव घ्यावंच लागतं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही विषांवर आपल्याकडे एकच प्रतिविष चालतं आणि सरकारी दवाखान्यांत ते फुकट देतात. तरी 2000 ते 2019 या काळाच्या अभ्यासातून निघालेला अंदाज असा की या देशात वर्षाला सरासरी 58 हजार माणसं सर्पदंशाने जातात. या रोगात औषधापेक्षा वेळ महाग आहे आणि ती रात्र तो वेळ खाते. गुरुजींच्या चार ओळी त्या रात्रीबद्दल होत्या. त्यांच्याशिवाय उरलेला लेख म्हणजे नुसती सापांची माहिती.

व्यंगचित्राचं मात्र वेगळं आहे. तिथे तू स्वतःला उगाच दोष देते आहेस. तू लिहिलेल्या वर्णनावरून त्यात कोणतीही घटना नव्हती, कोणाचा गैरव्यवहार उघड होत नव्हता, फक्त 'बघा, मी यांचंही चित्र काढू शकतो' एवढंच होतं. असं चित्र परत करणं हे संपादकाचं रोजचं काम आहे. दुसऱ्याला डिवचलं म्हणजे समतोल साधला, हा हिशेब मला कधीच पटला नाही. पण त्या पोराला तू काय सांगितलंस ते पत्रात नाही. 'सध्या वातावरण नाही' असं सांगितलं असशील तर त्याला वाटणार की वातावरण निवळलं की हेच चित्र चालेल. त्याला बोलाव आणि सांग, यात मला म्हणणं सापडलं नाही. आणि त्याच धर्मातल्या एखाद्या संस्थेने खरोखर कोणाला लुबाडलं असेल आणि त्याने ते कागदांनिशी चितारून आणलं, तर मी छापेन, हेही सांग. मग छाप. गुरुजींचा लेख एका धर्माबद्दल होता म्हणून छापला आणि दुसऱ्या धर्माची वेळ आली की 'संवेदनशील विषय' म्हणून बाजूला ठेवला, असं झालं तर तुझा एकही वाचक तुझ्यावर विश्वास ठेवणार नाही, आणि ते बरोबरच असेल.

हे शहर याला नवखं नाही. विजयादशमीला रेशीमबागेत संघाचा उत्सव असतो आणि दीक्षाभूमीवर लाखो माणसं बावीस प्रतिज्ञांचं स्मरण करतात. ब्रह्मा, विष्णू, महेश यांना देव मानणार नाही, हे बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला इथेच उघड्या मैदानात वदवून घेतलं. दोन जागांमधलं अंतर रिक्षाने जाण्याइतकं आहे. एकमेकांना न पटणारं ऐकत हे शहर इतकी वर्षं राहिलं आहे. बाबासाहेबांच्याच 'रिडल्स इन हिंदुइझम'चं बघ. 1987 मध्ये राज्य सरकारने ते त्यांच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध केलं. राम-कृष्णांवरचं प्रकरण काढा म्हणून मोर्चे निघाले, काढू नका म्हणूनही निघाले. शेवटी मजकूर ठेवला आणि या मतांशी सरकार सहमत नाही अशी टीप घातली. टीप कोणाला आवडली, कोणाला नाही. पण प्रकरण पुस्तकात राहिलं. कात्रीच्या आधी हाताशी किती गोष्टी असतात बघ: टीप असते, प्रतिक्रियेला जागा असते, पुढच्या अंकात उत्तर असतं.

तर आता काय करायचं. फोन करू नकोस, गुरुजींच्या घरी जा. त्यांचं मूळ हस्तलिखित आणि छापलेला अंक दोन्ही घेऊन जा आणि सांग, 'जागा होती, मी घाबरले.' एवढंच. प्रेसचं, दंगलीचं लगेच सांगायला लागू नकोस. त्यांनी विचारलं तर सांग.

मग लेख पुन्हा करा. त्या मुलाच्या घरच्यांना भेटा, त्यांची परवानगी घ्या, मुलाचं नाव छापू नका. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांशी बोला. देवस्थानाच्या विश्वस्तांना गाठून लेखी विचारा की सकाळपर्यंत थांबवता का, आणि ते जे म्हणतील ते तसंच छापा. कोण जाणे, पुढच्या वेळी आम्हीच गाडी देऊ असंही म्हणतील. सगळ्या टिपणांवर तारीख घाल आणि मूळ कागद जपून ठेव. अंक जाण्याआधी एखाद्या वकिलाच्या नजरेखालून घाल. बाबांच्या ओळखीतले दोघे-तिघे तरी असतीलच.

शेवटच्या ओळीबद्दल माझं मत गुरुजींपेक्षा थोडं वेगळं आहे. 'देव वाचवत नाही' या ओळीवर कायदा बोट ठेवणार नाही, तरी मी ती त्यांना बदलून मागितली असती. कारण ती वाचताच ती आई पान मिटेल आणि इंजेक्शनपर्यंत पोचणारच नाही. पण हे मी त्यांना समोर बसून सांगितलं असतं आणि तरी ते 'नाही' म्हणाले असते, तर ती ओळ त्यांच्या नावाखाली तशीच छापली असती. बदल मागणं माझा हक्क आहे. न सांगता बदलणं हा नाही.

प्रेसवाल्या काकांना आधी सांग. लेख दाखव, वकील काय म्हणाले ते सांग. मुद्रक म्हणून त्यांचंही नाव पानावर असतं, तेव्हा त्यांच्या वाट्याचं धाडस तू परस्पर करू नकोस. ते नको म्हणाले तर रागावू नकोस, तो अंक दुसरीकडे छापून घे.

आणि टेबलाच्या खणात एक वही ठेव. कोणताही मजकूर कमी केलास की तारीख, ओळ आणि कारण लिही. लांबी, चूक, पुरावा नाही, कोणाची बदनामी होते, असं जे असेल ते. ज्या दिवशी कारण फक्त 'भीती' असेल त्या दिवशी तेही लिही आणि लेखाखाली छापून टाक: 'या लेखातला काही मजकूर संपादकांनी कमी केला आहे.' आणीबाणीत काही दैनिकांनी अग्रलेखाची जागा कोरी सोडली होती आणि वाचकांना ती कोरी जागा वाचता आली. भीती झाकण्यापेक्षा दाखवली तर तिचं ओझं निम्मं होतं, हे मी अनुभवाने सांगते. ती वही मी 1991 पासून ठेवली. पहिल्या पानावर त्या सायकलवाल्या गृहस्थांची ओळ आहे.

तुझा अंक शुक्रवारी प्रेसला जातो असं पाकिटावरच्या शिक्क्याखाली लिहिलेलं दिसलं. धानाची कापणी आता महिन्याभरावर आली आहे. माणसं वाकून, उघड्या पायांनी बांधीत उतरतील. त्याच्या आधीचा अंक धर, आणि गुरुजींकडे या रविवारीच जा.

तुझी,
ताई